मास्तरांचा पुढचा तुकडा

मास्तरांच्या शर्टाच्या दोन बाह्या मी कधीही एका रंगाच्या पाहिल्या नाहीत. डावी गाजरी असली तर उजवी किरमिजी, पाठ मोरपंखी आणि खिसा भलत्याच घराण्यातला. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या ज्या मिलमध्ये आम्ही दोघांनी उमेदीची वर्षं काढली, तिथं ते रंगाचे मास्तर होते. व्यापाऱ्यानं चिंधी आणून दिली की तोच रंग गाडीभर कापडावर उतरवून देणं हे त्यांचं काम. त्यासाठी आधी हातभर कापड रंगवून बघायचं, त्याला सॅम्पल म्हणायचे. असे तुकडे रोज निघायचे, ते मास्तरांना टाकवत नसत, म्हणून ते त्यांचे शर्ट शिवून घ्यायचे.

दुसरा कुणी असा शर्ट घालून फाटकात आला असता तर वॉचमननं त्याला बँडवाला समजून परत पाठवला असता. मास्तरांना मात्र व्यापारी थांबवून म्हणायचे, "मास्तर, आ बांयनो कलर तो बहु सरस छे!" आणि त्या बाहीवर ऑर्डर देऊन जायचे. मी रोज कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचो. माझ्या बाहीवर कुणी कधी रुमालाचीसुद्धा ऑर्डर दिली नाही.

हे आधी सांगून टाकतो, कारण पुढं जमिनीची गोष्ट येणार आहे आणि तुम्हाला वाटेल की मी या माणसावर जमिनीमुळे जळतो. तसं नाही. जमीन खूप नंतरची. माझं जळणं जुनं आहे आणि ते मी चांगल्या स्थितीत ठेवलेलं आहे.

मी माल रवाना करण्याच्या खात्यात होतो. मास्तर माणसांना नावानं हाक मारत नसत, खात्यानं मारत. "काय डिस्पॅच, जेवला का?" फोल्डिंगवाल्याला फोल्डिंग, कँटीनवाल्याला कँटीन. मालकाला ते समोरासमोर "ऑफिस" म्हणायचे आणि मालक हसायचा. मी एकदा मालकाला नुसतं "शेठ" म्हटलं तर "काय आहे?" असं खेकसला. आता बोला.

मास्तरांचा एक नियम होता: आधी सॅम्पल, मग लॉट. आणि सॅम्पल पाहायचं ते उन्हात. "ट्यूबलाइट खोटं बोलते," ते म्हणायचे. "बाई काय साडी नेसून ट्यूबलाइटखाली जन्म काढणार आहे का?" लग्नसराईत एकदा आभाळ भरून आलं. व्यापारी घाईला आलेला, माझ्या गाड्या फाटकाशी उभ्या, ड्रायव्हर माझ्या सात पिढ्यांची विचारपूस करतायत. मास्तर हातात तुकडा घेऊन अंगणात स्टूल टाकून बसलेले. दुसऱ्या दिवशी दुपारी ढगाला भोक पडलं. मास्तरांनी तुकडा वर धरला, डोळा बारीक केला आणि म्हणाले, "फेल."

"चालशे, मास्तर, चालशे!" व्यापारी रडकुंडीला आला.

"तुम्हाला चालेल. उन्हाला नाही चालणार."

पुन्हा रंग झाला, पुन्हा ऊन झालं, माल उशिरा गेला. उशिराबद्दल बोलणी कुणी खाल्ली? डिस्पॅचनं. आणि ती साडी बाजारात अशी चालली की व्यापारी घारीचा डबा घेऊन आला. घारी ही सुरतेची तुपात बुडवलेली मिठाई. डबा कुणाच्या टेबलावर गेला, हे मी सांगत बसत नाही. एक घारी मला मिळाली. अर्धी.

पुढं मिल दुसऱ्या हातात गेली, नव्या लोकांनी रंगाचं काम मशीनच्या डोळ्यावर सोपवलं, आणि आम्ही दोघंही बाहेर पडलो. हातात जे काही आलं त्याचं काय करायचं, हा प्रश्न. आम्ही दोघं तापीकाठच्या खानदेशी गावांतले. आमच्याकडे माणसाच्या हातात पैसा आला की त्याचे पाय आपोआप जमिनीकडे वळतात. कामरेजच्या पुढं, हमरस्त्यापासून आत जाणाऱ्या एका धुळकट रस्त्यावर, बिनशेतीचा शिक्का बसलेला एक लांबट तुकडा दलालानं दाखवला. एकट्याला झेपणारा नव्हता, म्हणून दोघांनी मिळून घेतला. तोंडाला रस्ता, शेपटीला नहर, म्हणजे कालवा. मधोमध रेघ मारायची आणि एकानं पुढचा भाग घ्यायचा, एकानं मागचा.

"बोलो," दलाल म्हणाला, "आगळनो के पाछळनो?"

मास्तर म्हणाले, "डिस्पॅचला आधी विचारा. तो लहान आहे."

मंडळी, तो क्षण माझ्या डोळ्यांसमोर आजही उभा आहे, आणि मी त्या क्षणाच्या थोबाडीत मारू इच्छितो. मी पुढं पाहिलं. रस्त्यावरून एक म्हैस चालली होती आणि धूळ तिच्या मागून. मी मागं पाहिलं. नहरीचं हिरवंगार पाणी, काठावर गवत, वर बगळा. मी शेतकऱ्याचा मुलगा. पाणी दिसलं की आमची अक्कल पोहायला जाते. मी छाती काढून म्हणालो, "मागचा!"

"नक्की?" मास्तर म्हणाले. "सॅम्पल बघ की आधी. चार दिवस येऊन बस."

"मला कळतं," मी म्हणालो.

थोड्याच वर्षांत तो धुळकट रस्ता चौपदरी झाला.

सुरत वाढते ती आंबवलेल्या पिठासारखी, झाकलेली असताना. काल जिथं ऊस होता तिथं आज बारा मजले, त्यांच्या बाजूला गोदामं, त्यांच्या बाजूला टाइल्सची शोरूम. मास्तरांच्या पुढच्या तुकड्याचा भाव वाढत वाढत अशा ठिकाणी गेला की दलाल त्यांना वाकून नमस्कार करू लागला. आणि माझा तुकडा? माझ्या तुकड्यावर बगळा होता. त्याच्यापर्यंत जायला मास्तरांच्या जमिनीच्या कडेनं एक पायवाट, तीही शब्दावर सोडलेली, कागदावर नाही. जो कुणी गोदामासाठी पाहायला येई तो विचारी, "पुढं काय होणार आहे? ट्रक आत कसा येणार?" मी म्हणे, "ते पुढच्या मालकावर आहे." पाहुणा पुढच्या मालकाकडे पाही. पुढचा मालक दोन रंगांच्या बाह्यांत, छत्रीखाली खाटेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला काहीतरी विचारत असे. पाहुणा निघून जाई.

अशी माझी मान त्यांच्या हातात. आयुष्याची सगळी जमा त्या बगळ्याखाली पुरलेली. मास्तर पुढं काय करायचं ते ठरवतील तेव्हा मागचं ठरणार. आणि मास्तर ठरवत नव्हते. मास्तर सॅम्पल काढत होते.

पहिलं सॅम्पल म्हणजे ती खाट. रस्त्याकडेला खाट, पाण्याचा माठ, आणि थांबणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न: "भाई, इथं काय मिळत नाही?"

लोक पाणी पिऊन उत्तरं द्यायचे. पंक्चर काढणारा नाही. संडास नाही. सावली नाही. एक ट्रकवाला मिशी पुसत म्हणाला, "घरवाली नहीं मिलती, चाचा." मास्तरांनी गंभीरपणे मान हलवली. "ते बघावं लागेल."

मी दर रविवारी कोसाडच्या घरून मोटारसायकलीवर जायचो. माझी जमीन बघायला, असं घरी सांगायचो. खरं तर त्यांची बघायला.

"मास्तर, पेट्रोल पंपवाले आले होते म्हणे?"

"आले होते."

"मग?"

"चार रात्री झोपून बघतो म्हटलं. झोपेत डोकं दुखलं की पंप नको."

"अहो, पंपावर तुम्ही झोपायचं नाहीये! भाडं घेऊन घरी झोपायचं आहे!"

"मग जमिनीला कोण विचारणार, डिस्पॅच? ती तर इथंच झोपणार ना?"

ट्रक तोलायच्या वजनकाट्याची कल्पना निघाली तेव्हा त्यांनी रस्त्यात माणसं वजन करतात तसलं छोटं यंत्र आणून ठेवलं. ट्रक थांबू लागले. ड्रायव्हर उतरून स्वतःचं वजन करायचे, पोट आत घेऊन पुन्हा करायचे, आणि जायचे. ट्रक उभे करायला जागा द्यावी असं ठरलं तेव्हा आठवडाभर ट्रक उभे केले. आठवडा संपल्यावर मास्तर खाली बसले, मूठभर माती उचलून तिचा वास घेतला. तेल. त्यांनी ती माझ्या नाकाशी धरली. "हा डाग कुठल्या साबणानं निघेल?" ट्रक गेले. मला रडू आलं. ते ट्रक माझ्याकडे मागे आले असते तर मी त्यांच्या चाकांना हळदकुंकू लावलं असतं.

पण सगळ्यांत मोठं सॅम्पल म्हणजे ते लग्न.

त्या भागात पार्टी प्लॉटची हवा होती. हिरवळ, कमान, दिवे, आणि सीझनभर लग्नं. माझ्या मनात तर केव्हाचं होतं की पुढं पार्टी प्लॉट झाला तर मागची जागा गाड्या लावायला लागेलच लागेल. मी मास्तरांच्या कानाशी लागून लागून त्यांना तयार केलं. मास्तर म्हणाले, "ठीक. एक लग्न करून बघू."

"कुणाचं?"

"कुणाचंच नाही. सॅम्पल आहे."

आणि त्यांनी केलं हो! मांडव घातला. बँड बोलावला. आचारी बसवला. नवरदेवाच्या खुर्चीवर एक उशी आणि नवरीच्या खुर्चीवर दुसरी, तिला वरून दुपट्टा. आजूबाजूच्या सोसायट्यांतले, गोदामांतले, शेतांतले लोक बँड ऐकून आले. मला फाटकावर उभा केला, डोक्याला फेटा, हातात गुलाबदाणी. "तू नवरीचा मामा," मास्तर म्हणाले. "हसत राहा."

एक गुजराती म्हातारेबुवा पाकीट घेऊन आले. आहेराचं. "कोना लगन छे?" त्यांनी विचारलं.

मी काय सांगणार? "सॅम्पलना," म्हणालो.

"ओहो! सॅम्पलभाईना!" म्हातारे खूश झाले, आत गेले, दोन्ही उशांना आशीर्वाद दिला आणि पोटभर जेवले. पाकीट मास्तरांनी त्यांच्या घरी नेऊन परत दिलं. मला ती आशीर्वादाची गोष्ट आणखीच लागली. माझ्या खऱ्या लग्नात मला इतका मोकळा आशीर्वाद मिळाला नव्हता.

लोक आले, नाचले, जेवले. माझी बायकोसुद्धा नाचली. मी धन्य झालो. मनात मी मागं गाड्या लावत होतो, लाल, पांढऱ्या, लांबड्या. सकाळी पोचलो तर मास्तर नहरीच्या काठावर उभे. पाण्यात पत्रावळ्या तरंगत होत्या, गवतात पनीर, आणि गावातली सगळी कुत्री माझ्या जमिनीवर परिषद भरवून बसलेली.

"फेल," मास्तर म्हणाले.

"अहो, साफ करायला माणूस ठेवता येतो!"

"माणूस साफ करेल ते त्याचं. मला रोज बघावं लागेल ते माझं."

त्या दिवशी मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "हा माणूस वेडा आहे. आणि या वेड्याला सोन्याचा तुकडा मिळालाय, आणि शहाण्याला बगळा."

बायको भाकरी थापत होती. ती म्हणाली, "भाऊजींनी तुम्हाला आधी विचारलं होतं ना?" ती मास्तरांना भाऊजी म्हणते. मला मात्र ती काहीच म्हणत नाही. "अहो" म्हणते.

मग आला उन्हाळा. खानदेशी बाईचा उन्हाळा म्हणजे पापड, कुरडया, बिबडे. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, ओल्या हातानं ओल्या कापडावर थापायचे आणि कडक उन्हात वाळवायचे. गावी अंगण असतं, माळवद असतं. कोसाडच्या आमच्या वसाहतीत गच्ची होती, पण त्या वर्षी कमिटीनं तिला कुलूप घातलं. वर पाण्याच्या टाक्या आणि सौर पाट्या बसल्या, आणि बायकांनी पाय ठेवला की काचा तडकतात म्हणे. बायकांनी आकाशपाताळ एक केलं. कुणी खिडकीच्या गजाला कुरडया टांगल्या, त्या शेजारच्या कबुतरांनी खाल्ल्या.

माझी बायको हे मास्तरांना फोनवर सांगत होती. मला नाही, मास्तरांना. मास्तर म्हणाले, "वहिनी, आमच्याकडे उन्हाची काय कमी? या घेऊन."

तर एका सकाळी टेम्पो आला. खाटा, जुनी धोतरं, पातेली, आणि आमच्या वसाहतीतल्या बायका, गाणी म्हणत. मास्तरांनी पुढच्या तुकड्यावर पाणी शिंपडून ठेवलेलं. खाटा मांडल्या, थापणं सुरू झालं, हसणं सुरू झालं. मी एका कडेला उभा. माझ्या जमिनीवर इतक्या वर्षांत एवढं हसणं झालेलं नव्हतं.

दुपारी वसाहतीतल्या आत्याबाईंनी, वयानं सगळ्यांत मोठ्या, एक अर्धवट वाळलेला बिबडा उचलून चावला. चेहरा वाकडा झाला.

"दख व माय, दातखाले खडा वाजी ऱ्हायना!"

दाताखाली खडा वाजत होता. चौपदरी रस्त्यावरून ट्रक जात होते, प्रत्येक ट्रक थोडी धूळ आणि थोडा धूर खाटांवर ठेवून जात होता. आत्याबाईंनी पदर खोचला, सगळ्या जमिनीवर नजर फिरवली आणि हुकूम सोडला, "उचला व खाटा! मांगे चला!"

आणि त्या सगळ्या जणी खाटा डोक्यावर घेऊन पायवाटेनं मागच्या तुकड्यावर गेल्या. माझ्या तुकड्यावर! मला कुणी विचारलंसुद्धा नाही. आत्याबाई वाटेत फक्त म्हणाल्या, "सर बाजूले."

मागं नहरीवरून वारा येत होता, स्वच्छ. आजूबाजूला उंच काही नाही, ऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत मांडी घालून बसलेलं. खाली गवत, धूळ नाही. बायकांनी पुन्हा थापायला घेतलं. मास्तर मात्र पुढंच थांबले. मी पाहिलं तर ते खाटेवर बसून मागं पाहत होते, मान वळवून, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पांढरं शुभ्र कापड आणलं, त्याचे दोन तुकडे केले. एक पुढं काठीला बांधला, एक माझ्याकडे मागं. दोन दिवस तसेच ठेवले. मग दोन्ही सोडून माझ्यासमोर उन्हात धरले. मागचा पांढरा होता. पुढचा उंदराच्या रंगाचा.

मास्तर दोन्ही कापडांकडे आळीपाळीनं पाहत राहिले. मी त्यांना हजारो तुकडे बघताना पाहिलं आहे, पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता. आणि मला तो चेहरा ओळखू आला. कसा येणार नाही? तो माझाच होता. आरशात रोज बघतो मी.

मास्तर जळत होते! माझ्यावर!

मला काय झालं म्हणून सांगू! मला वाटलं त्या टेम्पोतून बँड आणावा.

"डिस्पॅच," ते हळूच म्हणाले, "तुझं मागचं मला देतोस?"

"म्हणजे?"

"माझा पुढचा तू घे. रस्ता, भाव, सगळं तुझं. मला मागचा दे. सरळ अदलाबदल."

मी तोंडावर दुःख आणलं. नाटकात काम करायची हौस मला लहानपणापासून. "मास्तर," मी म्हणालो, "पाण्याकाठची जागा. माझा जीव जडलाय तिच्यावर. तो बगळा..."

"बगळा तू घेऊन जा."

"विचार करावा लागेल."

"कर. सॅम्पल बघ आधी. चार दिवस पुढं बसून बघ."

"नको नको," मी म्हणालो. विचार संपला होता. पुढच्या महिन्यात कागद झाले.

घरी येऊन मी बायकोला दारातूनच ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही दोनदा निवडलं. दोन्ही वेळा मला विचारलं नाही."

आता मी पुढचा मालक. मी काही सॅम्पल वगैरे काढलं नाही. रस्त्याला तोंड करून दुकानांचे गाळे बांधायला घेतले. टायरवाला, हार्डवेअरवाला, मोबाइलवाला रांगेत उभे. एक गाळा माझ्या टेम्पो बुकिंगला. भाडं चालू झालं, व्यवस्थित चालू झालं. खोटं कशाला बोलू, मजेत आहे माझं.

आणि मागं? मागं मास्तरांनी काही बांधलंच नाही. एक पत्र्याची शेड, हातपाय धुवायला नळ, आणि खाटाच खाटा. बारा मजल्यांच्या इमारतींतल्या बायका, ज्यांना गच्ची नाही, अंगण नाही, ज्यांचं ऊन बिल्डरनं विकून खाल्लेलं आहे, त्या खाट भाड्यानं घ्यायला येतात. आमच्या खानदेशी होत्याच, आता काठियावाडी येतात तांदळाच्या खिचियाचे पापड घेऊन, विदर्भातल्या सांडगे घेऊन, आंध्रातल्या मिरच्या घेऊन. एका उन्हात चार देशांची वाळवणं. हिवाळ्यात तिथं रविवारी काड्यांच्या जाळावर वांगी भाजतात, भरीत होतं, मिलमधले जुने लोक बायकापोरांसह येतात. पावसाळ्यात बंद. "पावसाळ्यात जमीन झोपते," मास्तर सांगतात, आणि चार महिने स्वतःही झोपतात. माणसाला ऊन विकून जगता येतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला डॉक्टरकडे नेलं असतं.

माझ्या गाळ्यांसमोरून त्या बायका जातात, पातेली सांभाळत, हसत. माझ्या दुकानांकडे एक मान वळत नाही. त्यांच्यात माझी बायको असते. कुरडयांचा गरम चीक निघाला की पहिली वाटी मास्तरांना जाते, वर तेलाची धार, दुसरी पण त्यांनाच. ते खाटेवर बसून आत्याबाईंशी भांडतात. काय आवाज येतो त्या भांडणाचा! लग्नातसुद्धा एवढी मजा नसते.

गेल्या वर्षी कंत्राटदारानं माझ्या कानात सांगितलं, "शेठ, बाजूची वाट बंद करा. आणखी एक गाळा निघतो. कागदावर वाट लिहिलेली नाही." खरंच लिहिलेली नव्हती. अदलाबदल करताना आम्ही दोघांनी तो शब्द तसाच ठेवला होता. मी दोन दिवस ते मनात घोळवलं. मग म्हटलं, तोंडावर सांगून टाकावं. लपवाछपवी आपल्याला आवडत नाही, मजा जाते.

मी मागं गेलो. मास्तर शेडखाली बसले होते. डावी बाही जांभळी, उजवी हळदी.

"मास्तर, मी वाट बंद करतोय. गाळा काढायचा आहे."

मला वाटलं होतं ते हात जोडतील. निदान उठून उभे तरी राहतील. त्यांनी वाटीतला चीक पुसून खाल्ला.

"कर की," ते म्हणाले. "तुझी जमीन. नहरीच्या काठानं आता वाट झालीय, थोडी लांब पडते. बाया येतील तिकडून. टेम्पोही येतो, मी बघितलंय आणून."

सॅम्पल! त्यांनी सॅम्पल आधीच काढून ठेवलं होतं.

"मग काही अडचण नाही म्हणता?"

"आम्हाला नाही," मास्तर म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या बारीक केलेल्या डोळ्यानं, उन्हात तुकडा धरल्यासारखं. "पण डिस्पॅच, तू रोज कुठून येशील?"

खाटांपलीकडून आत्याबाई हसल्या. माझी बायको हसली. मी म्हणालो, "मी? मी कशाला येतोय इथं रोज?" आणि कुणीच उत्तर दिलं नाही, कारण मी तेव्हा खाटेवर बसलेला होतो आणि माझ्या हातात वाटी आली होती.

गाळा काढला नाही. उलट वाट रुंद केली, बाजूला फरशी घातली. लोक म्हणतात, काय मन आहे या माणसाचं! शेजाऱ्यासाठी एक गाळा सोडला! म्हणू देत. आत्याबाईंनी तर मला आशीर्वाद दिला, उशांना मिळाला होता त्याहून मोठा. मी तो घेतला. पण तुमच्यापासून काय लपवायचं? पुढं गाळ्यात बसून मला त्या बायकांचं हसणं नुसतं ऐकू येतं, दिसत काही नाही. लांबून नीट जळता येत नाही.